चिनी सहकाऱ्याचं ऑफिसचं इंग्रजी: ॲप, बीईसी की त्याच्याच मेल?

चीनमधल्या सप्लायरशी रोजचं बोलणं असणाऱ्याला हा प्रश्न कधी ना कधी येतोच. समोरची सेल्सची मुलगी कामाचं बोलणं संपलं की हळूच विचारते, "माझं इंग्रजी कसं सुधारेल? शब्द फार कमी पडतात." मी ठाण्यात बसून चीनमधल्या निंगबो या बंदराच्या शहरातून नट-बोल्ट, वॉशर मागवते. गेली चार वर्षं गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता, म्हणजे त्यांच्या साडेआठला, तिथल्या दोघीतिघींना शिकवतेही. तीन वाटा त्यांच्यासोबत चालून पाहिल्या: शब्दांची ॲप, बीईसी ही ऑफिसच्या इंग्रजीची परीक्षा, आणि त्यांच्या स्वतःच्या मेल. तुमच्यावर सल्ला द्यायची वेळ आली तर उपयोग होईल म्हणून लिहिते.

आधी एक गोष्ट. "शब्द कमी पडतात" ही तक्रार खरी नसते. चीनमध्ये कॉलेजात शिकलेल्या बहुतेकांनी सरकारी इंग्रजी परीक्षेची चौथी पातळी दिलेली असते. ती 1987 पासून चालू आहे. त्यासाठी हजारो शब्द घोकलेले असतात. शब्दांच्या जाड्या पुस्तकातला पहिला शब्द 'अबँडन', म्हणजे सोडून देणे, आणि तिथेच सोडून देणाऱ्यांवरचे विनोद तिकडे घराघरांत आहेत. म्हणजे डोक्यात शब्द भरपूर, पण मेल लिहायला बसली की वाक्य येतं, "इफ यू आर कन्व्हीनियंट, प्लीज डाउन ऑर्डर." 'कन्व्हीनियंट' आणि 'डाउन', दोन्ही शब्द ओळखीचे आणि दोन्ही चुकीच्या जागी. चिनीत 'तुम्ही सोयीचे असाल तर' असंच म्हणतात आणि ऑर्डर 'खाली' टाकतात. आपण नाही का, ऑर्डर 'टाकतो'?

ॲप

बायत्सझान, शानबे, मोमो अशी शब्द पाठ करून घेणारी ॲप तिकडे मेट्रोत दर दुसऱ्या हातात दिसतात. विसरायच्या आत शब्द परत समोर आणायचा, हे त्यांचं तंत्र, आणि ते काम करतं. ज्याचा पायाच कच्चा आहे, 'इनव्हॉइस' आणि 'इन्व्हेंटरी' वाचताना ज्याला अडखळायला होतं, त्याला तीन-चार महिने ॲपच द्या. पंधरा मिनिटं रोज, खर्च जवळपास शून्य.

अडचण पुढे येते. ॲप एका इंग्रजी शब्दासमोर एक चिनी शब्द ठेवतं, आणि धंद्यात तेवढंच घातक ठरतं. 'ज्ये' या एकाच क्रियापदात उसने घेणं आणि उसने देणं दोन्ही बसतं, म्हणून बॉरो आणि लेंड यांची अदलाबदल कितीही सराव केला तरी होत राहते. एफओबीला (माल जहाजावर चढवेपर्यंतचा भाव) चिनीत 'किनारा सोडतानाची किंमत' आणि सीआयएफला (जहाजाचं भाडं आणि विमा धरून भाव) 'किनाऱ्याला लागतानाची किंमत' म्हणायची पद्धत आहे. हे वाचून नव्या मुलीला वाटतं, सीआयएफ न्हावा शेवा म्हणजे माल न्हावा शेवाला लागेपर्यंत जबाबदारी आमची. प्रत्यक्षात भाडं आणि विमा विक्रेत्याचा असला तरी माल निंगबोत जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराची. हा फरक ॲपच्या कार्डावर मावत नाही.

सवलतीचं तर विचारूच नका. चिनीत 'बा झ' म्हणजे आठ दशांश किंमत, अर्थात 20 टक्के सूट. एका नवख्या मुलीने मला "एट्टी पर्सेंट डिस्काउंट" देऊ केली होती. मी मोह आवरला, हे नोंदवून ठेवते.

बीईसी

केंब्रिजची ही परीक्षा चीनमध्ये 1990 च्या दशकात आली आणि तिथे चांगली रुजली. तीन पायऱ्या: प्रिलिमिनरी, व्हँटेज, हायर. तिकडे सरळ 'खालची, मधली, वरची' म्हणतात. तिच्यात ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं सगळंच येतं, ही तिची मोठी जमेची बाजू. मधल्या पायरीच्या लेखनात 40 ते 50 शब्दांची छोटी ऑफिस-मेल लिहावी लागते. हा प्रकार मला फार आवडतो, कारण चिनी विद्यार्थ्याला तो दमवतो. चाळीस शब्दांत कारण, मागणी आणि तारीख बसवायची तर 'प्लीज काइंडली नोट दॅट' ला जागाच उरत नाही.

कोणी टोइकचं, म्हणजे कामाच्या इंग्रजीच्या दुसऱ्या एका परीक्षेचं, नाव काढेल. त्यातली ऐकण्या-वाचण्याची परीक्षा दोन तासांची, 200 प्रश्नांची, 990 गुणांची, आणि त्यात एक ओळही लिहावी लागत नाही. बहुराष्ट्रीय कंपनीच्या एचआरला आकडा हवा असेल तर ठीक. टोइकचा निकाल दोन वर्षांनी शिळा होतो, बीईसीचं प्रमाणपत्र कायम राहतं. शब्दसंग्रहासाठी या दोघांत मी बीईसीच सांगते.

पण बीईसीच्या पुस्तकांतलं जग वेगळं असतं. हॉटेलची साखळी, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, जाहिरातीचा आराखडा. निंगबोच्या मुलीला हवं असतं 'प्लेटिंग सोलून निघालंय', 'कंटेनर रोलओव्हर झाला' (ठरलेल्या जहाजावर न चढता पुढच्यावर ढकलला गेला), 'तपासणी अहवाल जोडलाय'. परीक्षा पास झालेली माझी एक विद्यार्थिनी पहिल्या गुणवत्तेच्या तक्रारीवर अर्धा तास गप्प बसली होती. तिला 'मोटिव्हेशन' वर निबंध लिहिता आला असता.

स्वतःच्या मेल

मी सगळ्यात जास्त वेळ देते ती हीच वाट, आणि सगळ्यात कंटाळवाणीही हीच, आधीच सांगून ठेवते. आठवड्याच्या आलेल्या-गेलेल्या मेलमधून पाच वाक्यं निवडायची. ग्राहकाने लिहिलेली तीन, जशीच्या तशी. स्वतःची दोन, चुकीसकट. वहीत शब्द एकटा लिहायचा नाही, त्याच्या सोबत्यांसह लिहायचा: 'प्लेस अ ट्रायल ऑर्डर', 'मीट द डेडलाइन', 'सेटल द बॅलन्स'. शेजारी चिनी अर्थ लिहायचा नाही, तर ते वाक्य कधी वापरलं ते लिहायचं.

शिकवणाऱ्याचे कष्ट मात्र फार. कंपनीच्या मेल बाहेर दाखवायला परवानगी लागते, भाव आणि नावं खोडावी लागतात. आणि विद्यार्थी आळशी असेल तर आठवड्याला पाचाची दोन वाक्यं होतात. ॲपसारखी इथे रोजची साखळी तुटल्याची टोचणी नसते.

आकडे मात्र याच वाटेने सुधारतात. चिनी मोजणी चार-चार अंकांची: दहा हजारांचा एक 'वान', दहा कोटींचा एक 'यी'. इंग्रजी तीन-तीनची. आपली लाख-कोटीची तिसरीच तऱ्हा. एकदा फोनवर 'ट्वेल्व्ह मिलियन पीसेस' ऐकून मी हादरले. तिला म्हणायचं होतं 120 वान, म्हणजे 1.2 मिलियन, म्हणजे माझे 12 लाख. आम्ही दोघींनी तिसऱ्याच्या भाषेत चुका करत तीन पद्धतींचं भांडण सोडवलं. आता प्रत्येक मोठा आकडा ती मेलमध्ये शून्यांसकट लिहिते आणि फोनवर अंक-अंक वाचते. हे कुठल्याच ॲपने शिकवलं नव्हतं.

मग निवड काय?

नोकरी बदलायची आहे, बढतीला कागद हवाय, तर बीईसीची मधली पायरी. तयारीला सहा महिने धरा. पाया कच्चा असेल तर आधी ॲप, पण कामाच्या शब्दांची यादी स्वतः तयार करून घालता येईल असंच. आणि जो आधीच रोज परदेशी ग्राहकांना उत्तरं लिहितोय, त्याने दोन्ही बाजूला ठेवून वही उघडावी. वाटा मिसळायच्या असतील तर ॲप आणि वही जमतात. बीईसी आणि वही एकाच महिन्यात जमत नाहीत, परीक्षा जवळ आली की वही बंद पडते.

एक सावधगिरी आपल्यासाठी. मी एकदा लिहिलं, "प्लीज रिव्हर्ट ऑन प्राइस." आपल्याकडे रिव्हर्ट म्हणजे उत्तर द्या. तिने शब्दकोश पाहिला, तिथे अर्थ होता पूर्ववत करणे. दुसऱ्या दिवशी तिने गेल्या वर्षीचे, कमी भाव पाठवले, आणि वर माफीही मागितली. तिच्या वहीत आता एक वेगळं पान आहे, मथळा 'भारतीय ग्राहक'. पहिली ओळ: रिव्हर्ट, म्हणजे उत्तर, फक्त भारतात. दुसरी, 'डू द नीडफुल', त्याच्यापुढे अजून प्रश्नचिन्ह आहे.