उडुपी–मुरुडेश्वर–गोकर्ण की रामेश्वर–कन्याकुमारी? हाताशी चार-सहा दिवस असतील तर

दक्षिणेतली समुद्राकाठची देवळं करायची म्हटली की महाराष्ट्रातल्या घरांत दोनच बेत पुढे येतात. एक, कोकण रेल्वेने खाली उतरून कर्नाटक किनाऱ्यावरची उडुपी, मुरुडेश्वर आणि गोकर्ण. दुसरा, तमिळनाडूच्या टोकाकडची रामेश्वर, तिरुचेंदूर आणि कन्याकुमारी. दोन्हीकडे देव आहे, समुद्र आहे, पण प्रवासाचा घाट अगदी वेगळा. घरून निघून घरी परतेपर्यंत पाच दिवसच असतील तर कर्नाटक निवडा. सहा-सात दिवस असतील आणि मनात रामेश्वरच असेल, तर तमिळनाडू. रामेश्वर-कन्याकुमारी चार दिवसांत बसवायचा प्रयत्न मात्र करू नका, त्यात निम्मा वेळ गाडीतच जातो.

अंतरं आधी बघा

कर्नाटकातली तिन्ही ठिकाणं एकाच महामार्गावर, एकाच रेल्वेमार्गावर ओळीने आहेत. उडुपी ते मुरुडेश्वर साधारण १०० किलोमीटर, तिथून गोकर्ण ७५ ते ८०. एखादी गाडी चुकली तरी दिवस बुडत नाही, कारण मागून बस असते. तमिळनाडूत मदुराई ते रामेश्वर सुमारे १७५ किलोमीटर आणि रामेश्वर ते कन्याकुमारी ३०० च्या वर. नकाशावर ही दोन टोकं जवळ दिसतात, पण मध्ये मन्नारच्या आखाताचा वळसा आहे. वाटेत तूत्तुकुडी आणि तिरुचेंदूर लागतं. तिरुचेंदूरला थांबलात तर हा अख्खा दिवस गाडीचाच समजा. रामेश्वरहून कन्याकुमारीला आठवड्यातल्या ठरावीक दिवशी रात्रीची रेल्वेही आहे. ती तुमच्या तारखांना जुळली तर एक दिवस वाचतो, पण तिरुचेंदूर सुटतं.

महिना: बहुतेकांचा घोळ इथेच होतो

दोन्ही किनाऱ्यांचा पाऊस वेगळा. कर्नाटकात आपल्यासारखाच नैऋत्य मोसमी पाऊस, जून ते सप्टेंबर. त्या काळात उडुपीजवळच्या माल्पे बंदरातल्या होड्या बंद असतात, समुद्रात उतरता येत नाही आणि कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर संथ धावते. तमिळनाडूच्या पूर्व किनाऱ्यावर खरा पाऊस येतो तो ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर. बंगालच्या उपसागरातली वादळंही याच दिवसांतली. रामेश्वरजवळचं धनुष्कोडी गाव बुडवणारं वादळ डिसेंबर १९६४ मधलंच.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत कर्नाटक आणि गणपतीच्या आसपास तमिळनाडू, असं उलटं गणित मांडा. दिवाळीत कर्नाटकचा किनारा पावसातून नुकताच बाहेर आलेला, हिरवागार असतो, तर रामेश्वरला तेव्हा आभाळाचा भरवसा नसतो. मे महिन्यात दोन्हीकडे घामाच्या धारा लागतात, आणि रामेश्वरच्या दगडी फरशीवर दुपारी अनवाणी चालणं अवघड होतं. जानेवारी-फेब्रुवारी दोन्हीकडे उत्तम. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत शबरीमलैला निघालेले अय्यप्पाभक्त कन्याकुमारी, रामेश्वर, उडुपी, मुरुडेश्वर सगळीकडे असतात, तेव्हा खोली आधी ठरवूनच निघा. आडी (जुलै-ऑगस्ट) आणि थै (जानेवारी-फेब्रुवारी) या तमिळ महिन्यांतल्या अमावास्यांना रामेश्वरला पितृकार्यासाठी अलोट गर्दी होते. तर्पण करायचं नसेल तर ते दिवस टाळा. उडुपीत सम वर्षी १८ जानेवारीला पर्यायोत्सव असतो. आठ मठांपैकी पुढच्या मठाकडे श्रीकृष्णाची पूजा जाते ती या दिवशी. सोहळा बघायचाच असेल तर खोली काही महिने आधी घ्या.

कर्नाटक: खालून वर या

मुंबईहून लोकमान्य टिळक टर्मिनसची मत्स्यगंधा एक्स्प्रेस दुपारी सुटते आणि उडुपीला पहाटे पोहोचते. गोकर्ण तिच्या वाटेवर आधी येतं खरं, पण मध्यरात्र उलटून गेल्यावर. स्टेशनपासून गाव सुमारे दहा किलोमीटर, आणि त्या वेळी रिक्षा मिळेलच असं नाही. म्हणून आधी उडुपी, मग मुरुडेश्वर, शेवटी गोकर्ण आणि संध्याकाळी तिथूनच परतीची गाडी, हा क्रम सोयीचा. तिकीट काढताना गोकर्ण रोडचा थांबा तपासा. जागा नसेल तर कुमटा स्टेशनही चालतं.

उडुपीत रथबीदीवर, म्हणजे देवळांभोवतीच्या रथाच्या रस्त्यावर, आधी चंद्रमौळीश्वर, मग अनंतेश्वर आणि त्यानंतर कृष्णमठ, असा दर्शनाचा प्रघात आहे. तेराव्या शतकात मध्वाचार्यांनी स्थापलेल्या कृष्णाचं दर्शन दारातून होत नाही, नऊ भोकांच्या रुपेरी नवग्रह खिडकीतून होतं. पुरुषांनी सदरा-बनियन काढायचा असतो. दुपारी पंगतीतलं जेवण चुकवू नका. साधं सार-भात-पायस असतं, पण उडुपीची चव कशाला म्हणतात ते इथे कळतं.

दुपारनंतर किंवा दुसऱ्या सकाळी माल्पे. बंदरातून होडीने सेंट मेरी बेटावर जायला साधारण अर्धा तास. या बेटावरचे षटकोनी दगडी खांब सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी, मादागास्कर भारतापासून सुटत असताना वर आलेल्या लाव्हाचे आहेत. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे खांब पाहिले असतील त्यांनी हे जरूर पाहावेत. तशीच जडणघडण, पण दगड वेगळा आणि वय बरंच जास्त. बेटावर सावली फार कमी, दगड धारदार आणि शेवाळलेले. टोपी आणि पट्ट्याच्या चपला हव्यात. वारा वाढला की होड्या थांबतात, म्हणून हे काम शेवटच्या तासावर ठेवू नका.

उडुपीहून वर येताना कुंदापूरच्या पुढे मरवंते लागतं. इथे महामार्गाच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला सौपर्णिका नदी. भाड्याची गाडी केली असेल तर वीस मिनिटं थांबा. बसने जाणाऱ्यांनी समुद्राच्या म्हणजे डाव्या खिडकीची जागा धरावी.

मुरुडेश्वरला लोक शंकराची १२३ फुटी मूर्ती आणि वीस मजली राजगोपुर बघायला येतात. गोपुरात लिफ्ट आहे, तिकीट किरकोळ. पण दुपारी मंदिराबरोबर लिफ्टही बंद असते, आणि सुट्टीच्या दिवशी तिची रांग दर्शनाच्या रांगेपेक्षा मोठी होते. मूर्तीचं तोंड गोपुराकडे आणि पाठ समुद्राकडे आहे. सकाळी मूर्तीच्या चेहऱ्यावर ऊन असतं, संध्याकाळी सूर्य मागे गेल्यावर फोटोत फक्त काळी आकृती येते. म्हणून आदल्या दिवशी मुक्कामाला या आणि सकाळी लिफ्ट उघडताच वर जा. मंदिराची बांधणी अलीकडची आहे. जुन्या शिल्पांची आस असलेल्यांची इथे निराशा होते. मुलांना मात्र या सगळ्या सहलीत हेच ठिकाण सर्वाधिक आवडतं. समुद्रात उतरताना जीवरक्षकांची खूण पाळा. हा किनारा सपाट दिसतो, पण ओढ जबर आहे.

गोकर्ण मराठी माणसाला नवं नाही. गुरुचरित्राच्या सहाव्या-सातव्या अध्यायांत रावण, गणपती आणि आत्मलिंगाची कथा वाचलेली असते. महाबळेश्वराचं लिंग जमिनीत रुतलेलं, वरून जवळजवळ न दिसणारं. शाळुंकेच्या खळग्यात बोट घालून स्पर्श करायचा. पुरुषांना धोतर किंवा पंचा आणि उघडं अंग हा नियम आहे, तेव्हा पंचा घरूनच न्या. आधी महागणपती, मग महाबळेश्वर. सकाळी लवकर गेलात तर स्पर्शदर्शन निवांत होतं.

किनारे गावाच्या दक्षिणेला ओळीने आहेत. कुडले आणि ओम बीचपर्यंत रिक्षा जाते. हाफ मून आणि पॅरेडाइजला फक्त पायवाट किंवा होडी. पायवाट कड्यावरून, जांभ्या दगडातून जाते. पावसानंतर ती निसरडी असते आणि अंधारात चुकते. परतीसाठी सूर्यास्तापूर्वी निघा, किंवा जातानाच होडीवाल्याशी परतीचं पक्कं ठरवा.

तमिळनाडू: सगळा भार रामेश्वरवर

रेल्वेने मदुराई म्हणजे मुंबईहून सुमारे दीड दिवस. थोडक्या दिवसांत विमानाने मदुराईला उतरून तिरुवनंतपुरमहून परतणं हाच शहाणा मार्ग, कारण कन्याकुमारीहून ते विमानतळ ९० किलोमीटरच्या आसपास आहे. मदुराईलाच परत आलात तर तेवढंच अंतर दोनदा तुडवाल.

रामेश्वर बेटावर नेणारा पांबनचा नवा रेल्वे पूल एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाला. १९१४ च्या जुन्या पुलाची जागा त्याने घेतली. जहाज जायचं असेल तेव्हा मधला ७२.५ मीटरचा गाळा सरळ वर उचलला जातो. मदुराईहून निदान एका बाजूचा प्रवास रेल्वेने करा. शेजारचा रस्त्याचा पूलही सुंदर आहे, पण त्यावर गाडी थांबवू देत नाहीत.

आता मुख्य गोष्ट, बावीस तीर्थांचं स्नान. इथे गोंधळ होतो तो क्रमात. पहाटे पाचच्या सुमाराला स्फटिकलिंगाचं दर्शन असतं. ते घ्यायचं असेल तर खोलीवर आंघोळ करून कोरड्या कपड्यांत जा. बाहेर येऊन सोबत आणलेले स्नानाचे कपडे घाला आणि समोरच्या अग्नितीर्थावर समुद्रस्नान करा. मग ओल्या अंगाने उत्तरेकडून मंदिरात शिरून, काउंटरवर नाममात्र तिकीट काढून, बावीस विहिरी ओळीने घ्या. प्रत्येक विहिरीवर माणूस पोहऱ्याने पाणी काढून अंगावर ओततो. शेवटी कपडे बदला, कारण ओल्या कपड्यांत गाभाऱ्याकडे सोडत नाहीत, आणि मग मुख्य दर्शन. कोरडा जोड कोणाकडे ठेवायचा हे आधी ठरवा. घरातल्या एकाने स्नान न करता पिशवी सांभाळणं सर्वांत सोपं.

गर्दी नसेल तर तीर्थांना तासभर पुरतो, सुट्टीत दोन-तीन तास लागतात. फरशी सतत ओली. साठीच्या पुढच्यांनी, विशेषतः गुडघे दुखत असतील त्यांनी, हात धरूनच चालावं. जाड सुती साडी भिजली की अंगावर पाच किलोंचं ओझं होतं, त्यापेक्षा हलका सिंथेटिक पंजाबी ड्रेस बरा. बाहेर ‘लवकर करून देतो’ म्हणणारे भेटतात. त्यांना पैसे देण्याची गरज नाही.

इथल्या पुजाऱ्यांची घराणी मूळची महाराष्ट्रीय आहेत, आणि काशीची गंगा रामेश्वराला घालायची ही आपली जुनी रीत. एकनाथांनी तहानलेल्या गाढवाला पाजली ती कावड इथेच यायची होती. गंगाजल नेणार असाल तर अभिषेकाची चौकशी आदल्या संध्याकाळी देवस्थानाच्या कार्यालयात करून ठेवा. बाहेरच्या प्रदक्षिणेच्या लांबच लांब ओवऱ्या शांतपणे बघायच्या असतील तर दुपारच्या बंद वेळेआधी किंवा रात्री शेजारतीच्या सुमाराला या. तेवढ्यासाठी रामेश्वरला दोन रात्री राहणं सार्थ ठरतं.

धनुष्कोडीला दुपारी तीनच्या आत निघा. अरिचलमुनैच्या टोकापर्यंत सुमारे वीस किलोमीटर चांगला रस्ता आहे, पण संध्याकाळी पोलीस वाहनं बाहेर काढतात. पडकं चर्च, वाळूत रुतलेलं स्टेशन आणि दोन्हीकडे दोन रंगांचं पाणी. पोहायचं नाही, प्रवाह फसवे आहेत. फोनवर श्रीलंकेचं नेटवर्क पकडलं जातं, रोमिंग बंद ठेवा.

तिरुचेंदूर हे मुरुगनच्या, म्हणजे कार्तिकेयाच्या, सहा प्रमुख स्थानांपैकी समुद्रकाठचं एकमेव. फार देखणं, पण मंगळवारी, षष्ठीला आणि सुट्टीच्या दिवशी रांग कित्येक तासांची. त्या दिवशी पोहोचणार असाल तर बाहेरून गोपुर आणि समुद्र बघून पुढे निघा.

कन्याकुमारीत विवेकानंद शिलास्मारक १९७० मध्ये उभं राहिलं ते अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या एकनाथ रानडे यांच्या चिकाटीमुळे. शेजारच्या खडकावर तमिळ संतकवी तिरुवळ्ळुवरांचा १३३ फुटी पुतळा, आणि डिसेंबर २०२४ पासून दोन्ही खडकांना जोडणारा ७७ मीटरचा काचेचा पूल. फेरी सकाळी आठच्या सुमाराला सुरू होते, दुपारी चारला तिकिटं थांबतात. साडेसातला रांगेत उभे राहा. समुद्र खवळला की फेरी न सांगता बंद होते. पुतळ्याकडची होडी तर ओहोटीलाही थांबायची, आता पुलामुळे तो प्रश्न सुटला. सूर्योदय वर्षभर समुद्रातून दिसतो. सूर्यास्त पाण्यात बघायचा तर हिवाळ्याचे महिने धरा, बाकी काळात सूर्य जमिनीमागे जातो. परतताना बारा-तेरा किलोमीटरवरचं शुचींद्रम घ्याच, तिथले स्वर देणारे दगडी खांब आणि उंच मारुती बघण्यासारखे आहेत.

मग कोणी कुठे जावं

लहान मुलं, पहिल्यांदाच दक्षिण, खर्च आटोपशीर, समुद्रात खेळायची हौस: कर्नाटक. तिथे मासेही मिळतात, आणि गोकर्णापर्यंत कोकणी-मराठीवर निभतं. आई-वडिलांना ज्योतिर्लिंग करायचं असेल तर दुसरा विचारच नको, रामेश्वर. त्यातही वडीलधाऱ्यांचं वय सत्तरीपुढे असेल तर कन्याकुमारी गाळा. मदुराई, रामेश्वरला दोन रात्री आणि परत मदुराई, अशी चार दिवसांची यात्रा त्यांना झेपते आणि मीनाक्षीचं दर्शनही होतं. तरुण मित्रमंडळींनी याच्या उलट गोकर्णला दोन रात्री वाढवून मुरुडेश्वर दुपारच्या थांब्यापुरतं ठेवलं तरी चालेल, फक्त त्या दुपारी लिफ्ट बंद असण्याची वेळ टाळून पोहोचावं.