वर्गणी थकली आणि गाणी उतरली: संगीत वितरण सेवेचा अनुभव

मागच्या महिन्यात सांगलीतील एका कार्यक्रमाच्या आयोजकांनी माझी गाणी ऐकायला मागितली, मी दुवा पाठवला आणि थोड्याच वेळात ‘इथे तर काहीच नाही’ असा निरोप आला. वार्षिक वर्गणी कार्डावरून आपोआप वळती झाली नव्हती, म्हणून गाणी स्पॉटिफायसारख्या मंचांवर पोहोचवणाऱ्या परदेशी वितरण सेवेने माझी सगळी गाणी सर्व मंचांवरून उतरवली होती.

ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून ठरावीक काळाने होणाऱ्या वजावटीसाठी ग्राहकाची ई-मँडेट (आपोआप वजावटीला आधीच दिलेली संमती) नोंदणी लागते आणि किमान २४ तास आधी सूचना द्यावी लागते. सेवेने ती सोय केलेली नसेल, तर बँक व्यवहार नाकारते. नियम ग्राहकाच्या हिताचाच आहे. भारतातून वर्गणी गोळा करणाऱ्यांना तो इतक्या वर्षांनंतरही ठाऊक नसावा, हे मात्र पटत नाही. तक्रारीला दर वेळी ‘कार्डाचा तपशील तपासा’ एवढेच छापील उत्तर आले. वर्गणी संपल्यावरही गाणी राहावीत असे वाटत असेल, तर प्रत्येक गाण्यामागे वेगळे पैसे भरण्याचा पर्याय आहे. आपलेच गाणे आपल्याच नावावर राहावे म्हणून दिलेली ही खंडणी मला अजून खुपते.

सेवेची एक बाजू मात्र मान्य केली पाहिजे. मी मिरजेचा, सतारमेकर गल्लीत जवारी काढताना (नाद खुलावा म्हणून वाद्याची घोडी घासताना) होणारा आवाज आणि दर्ग्यातली अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणारी संगीतसभा ऐकत वाढलो, त्यामुळे स्वतःच्या कवितांना गिटारवर चाल बांधतानाही मागे तंबोरा लागतोच. घरच्या खोलीत, पंखा बंद करून ध्वनिमुद्रित केलेला तो नाजूक झंकार सिनेगीतांच्या दणदणाटात हरवेल, अशी भीती होती. प्रत्यक्षात स्पॉटिफाय सर्व गाण्यांचा आवाज साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाचा मोठेपणा मोजण्याचे एकक) पातळीला आणते, त्यामुळे मुद्दाम आवाज चढवणाऱ्यांना फारसा फायदा होत नाही आणि माझा तंबोरा स्वच्छ ऐकू येतो. यात वितरण सेवेचे श्रेय एवढेच, की तिने फाइल धडपणे पोहोचवली.

सुरुवातीला वार्षिक वर्गणीच मला किफायतशीर वाटली होती, कारण मानधनात सेवेचा वाटा नव्हता. पण २०२४ पासून स्पॉटिफायवर मागील १२ महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्यालाच मानधन मिळते आणि माझ्या गाण्यांपैकी एकच ती रेषा ओलांडते. बाकीच्यांच्या शून्यातून कोणी टक्केवारी घेतली, तर माझे काय जाणार? म्हणून वर्गणीऐवजी टक्केवारी घेणाऱ्या दुसऱ्या सेवेकडे जाण्याचे ठरवले.

त्यासाठी नाइलाजाने एकदा जुनी वर्गणी भरली, गाणी परत चढली आणि ऐकल्याचे आकडेही परतले. स्थलांतर करणाऱ्यांनी प्रत्येक गाण्याचा १२ अक्षरी आयएसआरसी (ध्वनिमुद्रणाची ओळख पटवणारा आंतरराष्ट्रीय संकेतांक) आधी वहीत उतरवून घ्यावा. तोच संकेतांक, तीच फाइल, तेच शीर्षक आणि गायकाचे नाव तसेच्या तसे देऊन गाणी नव्या सेवेतून चढवावीत, ती मंचांवर दिसू लागल्यावरच जुनीकडून उतरवावीत. आकडे सहसा जोडले जातात. माझे जोडले गेले. नव्या सेवेच्या पैसे काढण्याच्या सोयीविषयी मात्र आताच लिहिता येत नाही, कारण तिथली किमान रक्कम अजून माझ्या खात्यात साठलेलीच नाही.