संडासाची लाइन वळवली, पण फक्त कागदावर

आमची डोंबिवलीतली इमारत १९८६ सालची. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे संडास वेगळा, न्हाणीघर वेगळं, मध्ये चार इंची भिंत. आईच्या गुडघ्यांना खाली बसणं झेपेना म्हणून कमोड बसवायचा ठरला. भिंत पाडणारच आहोत तर साडेचार फुटी टबही बसवून टाकू, ही हौस माझी. (बायको रोज आठवण करून देते.)

भिंत काढल्यावर चार बाय साडेसातची खोली मिळणार होती. टब जुन्या संडासाच्या जागी आणि कमोड खिडकीकडे, म्हणजे पार दुसऱ्या टोकाला. त्यामुळे कमोडचा मैला टबाखालून सहा-सात फूट उलटा आणून जुन्या संडासाच्या लाइनला जोडावा लागणार होता. चार इंची पाइपला चाळीसाला एक असा उतार धरला, तर सात फुटांत दोन इंच. म्हणजे आधी जुना कोबा फोडायचा, मग पाइप टाकायचा, मग पुन्हा वॉटरप्रूफिंग. वेळखाऊ काम. कंत्राटदाराने वहीच्या कागदावर स्वतंत्र ओळ लिहिली: ‘संडास लाइन वळवणे, टाइप बी पाइपसह, २२,०००’. एकूण १ लाख ३५ हजार. साठ हजार आगाऊ दिले.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, “साहेब, आईंना आठ दिवस कुठेतरी पाठवा, धूळ फार होते हो.” केवढी काळजी! आई मावशीकडे गेली, आम्ही दोघं ऑफिसला. घर मोकळं. संध्याकाळी तो व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवायचा. तिसऱ्या दिवशी चार इंची पाइप ऐसपैस टाकलेला फोटो आला, मी अंगठ्याची खूणही पाठवली. त्या फोटोत खिडकी डावीकडे होती. आमची उजवीकडे आहे. हे मला दीड महिन्याने दिसलं.

फरशी लागली, टब चकाचक बसला, उरलेले पैसे यूपीआयने दिले. बिल मागितलं तर “जीएसटी लावला तर तुम्हालाच महाग पडेल” हे उत्तर. गप्प बसलो.

तीन आठवड्यांनी तळमजल्याच्या काकू वर आल्या. बोलायलाच लाजत होत्या बिचाऱ्या. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली गल्ली ट्रॅप, म्हणजे सांडपाण्याचा छोटा खड्डा आहे, त्यात मैला तरंगत होता. जुन्या इमारतींत दोन वेगळ्या उभ्या लाइनी असतात. संडासाची सरळ चेंबरला जाते. न्हाणीचं पाणी दुसऱ्या लाइनने आधी गल्ली ट्रॅपमध्ये पडतं आणि मग पुढे जातं. आपल्या घरात राहून तीस वर्षं झाली, तरी हे मला ठाऊक नव्हतं.

सोसायटीचा प्लंबर आला. त्याने स्वयंपाकघरातली नीळ मागितली, कमोडमध्ये अर्धी बाटली ओतली, फ्लश दाबला आणि मला खिडकीतून खाली बघायला सांगितलं. मिनिटभरात काकूंच्या खिडकीखालचं पाणी निळंशार. चेंबरचं झाकण उघडलं तर तिथे निळा थेंब नाही.

फरशी फोडली. कमोडपासून जेमतेम तीन फुटांचा पाइप, पुढे रेड्यूसर लावून तीन इंची केलेला आणि नहाणीच्या लाइनला ठोकलेला. पाइपवर छापलेलं होतं ‘टाइप ए’. आयएस १३५९२ प्रमाणे हा पावसाच्या पाण्यासाठी आणि हवेच्या लाइनसाठी असतो, भिंत पातळ. मैल्यासाठी टाइप बी लागतो. जुन्या संडास लाइनच्या तोंडात सिमेंटच्या गोणीचा बोळा कोंबून वर माल थापला होता. टबाखाली ट्रॅपच (पाणी साठवून वास अडवणारं वळण) नाही, म्हणून झुरळं आणि वास. टबाच्या दर्शनी भिंतीत हात घालायलासुद्धा झडप ठेवली नव्हती, म्हणजे पुन्हा फोडाफोड.

कंत्राटदाराला फोन केला तर, “सगळं शेवटी एकाच गटारात जातं ना साहेब!” नंतर “उद्या येतो.” मग “तुम्हीच घाई केलीत.” मग नुसती रिंग.

दुरुस्तीला ७४ हजार लागले. या वेळी मी रजा टाकून घरी बसलो. पाइपवरचा छाप वाचला, उताराला पाणसळ लावून बघितली, फरशीआधी दोन दिवस पाणी भरून खालच्या मजल्याचं छत तपासलं आणि कमोडमध्ये नीळ ओतून चेंबरपाशी मुलाला उभं केलं. ‘निळं आलं!’ असं तो ओरडला तेव्हाच पैसे दिले. एवढं पहिल्याच वेळी करायला हवं होतं. त्यातलं काहीच अवघड नाही, फक्त फरशीच्या आधी करावं लागतं.

आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारीची तयारी चालू आहे. १९१५ या हेल्पलाइनवर आधी बोललो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. पक्कं बिल नाही, पण यूपीआयची नोंद, वहीचा कागद आणि तो उलट्या खिडकीचा फोटो आहे. टाइप ए पाइपचा तुकडाही पिशवीत बांधून माळ्यावर ठेवलाय. बायकोला ती पिशवी घरात नकोय, आणि तिचंही चुकत नाही.

टब काढला. सध्या तो गच्चीवर टाकीशेजारी पालथा पडलाय. तिथून हलवावा म्हणून सोसायटीचं दुसरं पत्र परवाच आलं.