विमान गवतात गेलं, पण पैसे वसूल

सांगलीत विश्रामबागेत वरच्या मजल्यावर विमान उडवायचा सिम्युलेटर, म्हणजे बसल्या जागी खोटंखोटं विमान चालवायचं यंत्र आहे. मी एसटीचा रिटायर्ड ड्रायव्हर, नातवाच्या हट्टापायी गेलो. अर्ध्या तासाचे पाचशे. पार्किंगच्या नावानं बोंब.

यंत्र चार सीटच्या सेसना १७२ विमानाचं. खरी गंमत उतरताना. धावपट्टीवर येताना वेग साधारण ६५ नॉट, म्हणजे ताशी १२० किलोमीटर हवा; आमचं पोरगं ८० नॉटवर आलं. विमान खाली बसेचना, जमिनीलगत तरंगतच राहिलं. टेकलं तेव्हा निम्मी धावपट्टी मागं पडलेली. मग यानं करकचून ब्रेक दाबले, तरी थेट गवतात!

ब्रेक फेल नव्हते. शिकवणाऱ्या पोरीनं छान फोड करून सांगितलं: वेग दहा टक्के वाढला की थांबायला वीसेक टक्के जादा अंतर लागतं. शिवाय वेगात पंख अजून वजन उचलून धरतात, चाकांवर भारच नाही, मग ब्रेक लागणार कसे? वेळेत उमजलं तर सरळ फुल पॉवर देऊन परत वर जायचं. घाटात आम्हाला ही सोय कुठली!

ब्रेक पेडलच्या वरच्या टोकाला, चवड्यानं दाबायचे. इथलं डावं पेडल ढिलं आहे, ब्रेक मारला की विमान उजवीकडे ओढतं. पाचशे घेता तर तेवढा स्क्रू आवळा की राव. एसीही नावालाच. चार स्टार देतोय ते त्या पोरीसाठी. रविवारी मात्र जाऊ नका, गर्दीत सगळं उरकून टाकतात.