अबुजाचं इकोवास कोर्ट : निकाल एक नंबर, वसुली शून्य

स्टार विचाराल तर पाचपैकी अडीच. आणि आधीच सांगतो, मी काय अबुजाला जाऊन आलेलो नाही, तालुका कोर्टात वकिली करणारा माणूस, पण गेले दोन महिने रात्री जेवण झालं की ह्याच कोर्टाच्या निकालांचं वाचत बसतोय, बायको म्हणते इथल्या तारखा कमी पडल्या का.

तर इकोवास म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या देशांची संघटना आणि तिचं हे कोर्ट नायजेरियाच्या राजधानीत. २००५ पासून साधा माणूस इथं थेट सरकारविरुद्ध मानवी हक्काची केस टाकू शकतो. आधी आपल्या देशातली सगळी कोर्टं पालथी घाला ही अट नाही, आणि वर अपीलही नाही! आपल्याकडं खालपासून वरपर्यंत जाता जाता पक्षकाराचा नातू वारस म्हणून रेकॉर्डवर येतो, त्यामुळं मला हे वाचूनच गार वाटलं.

आता खरी टेस्ट. २६ जुलै २०२३ ला नायजरमध्ये (नायजेरिया नव्हे, वरचा शेजारी) राष्ट्राध्यक्ष मोहम्मद बाझूम यांना त्यांच्याच रक्षक दलानं कोंडलं, दलाचा प्रमुख जनरल चियानी स्वतःच सत्तेवर बसला. म्हणजे ज्याला दारावर उभा केला त्यानंच बाहेरून कडी घातली. बायको आणि मुलगा पण आतच. बाझूमच्या वकिलांनी सप्टेंबरमध्ये ह्या कोर्टात अर्ज टाकला आणि १५ डिसेंबरला निकाल, तीन महिन्यांत! अटक मनमानी, तिघांना ताबडतोब सोडा, आणि सत्ता बाझूमकडं परत द्या. त्याच महिन्यात इकोवासनं नायजरवर लादलेले निर्बंध उठवा म्हणून लष्करवाले आले होते, त्यांना कोर्टानं सांगितलं की घटना मोडून बसलेल्यांना देशाच्या नावानं दाद मागता येत नाही. इथपर्यंत पाच स्टार, मनापासून.

पुढं काय झालं तर आपल्या धंद्यातल्या कुणालाही न सांगता कळेल. डिक्री (कोर्टाचा हुकूम) मिळाली, दरखास्त (तो अमलात आणायचा अर्ज) अडकली. आपल्याकडं निदान बेलिफ वॉरंट घेऊन दारात तरी जातो, ह्यांच्याकडं बेलिफच नाही, अंमलबजावणी ज्याच्याविरुद्ध निकाल त्याच सरकारनं करायची. मुलगा जानेवारी २०२४ मध्ये सुटला, पण तो टोगोनं मध्यस्थी केली म्हणून. त्याच महिन्यात नायजर, माली आणि बुर्किना फासो तिघांनी मिळून जाहीर केलं की आम्ही संघटनाच सोडतो, आणि २९ जानेवारी २०२५ ला सोडली पण. बाझूम मात्र आतच. वर कडी म्हणजे जून २०२४ मध्ये तिथल्या लष्करानंच नेमलेल्या कोर्टानं बाझूमचीच इम्युनिटी (खटल्यापासूनचं संरक्षण) काढून घेतली, देशद्रोहाची केस चालवायला! रामशास्त्र्यांनी राघोबाला देहांत प्रायश्चित्त सांगितलं असं आपण शाळेत छाती फुगवून वाचतो, पण राघोबानं ते घेतलं नाही हे पण तितकंच खरं.

मला मूळ तक्रार वेगळीच आहे. हा सगळा व्यवहार मागच्या दारानं चाललाय, बंडाचा प्रश्न मानवी हक्काच्या केसमधून. सत्ता बळकावणाऱ्या माणसालाच आरोपी म्हणून उभं करायचं तर हे कोर्ट कामाचं नाही, इथं आरोपी नाही, प्रतिवादी असतो आणि तो म्हणजे देश. फौजदारी काउंटर आफ्रिकन युनियननं (अख्ख्या आफ्रिकेतल्या देशांची संघटना) कागदावर काढून ठेवलाय, २०१४ च्या मालाबो प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे आफ्रिकेच्या कोर्टाला फौजदारी अधिकार देणाऱ्या करारात, चौदा गुन्हे, त्यात घटनाबाह्य सत्तांतर हा स्वतंत्र गुन्हा, निवडणूक हरूनही खुर्ची न सोडणं पण त्यात धरलंय. ड्राफ्टिंग खरंच चांगलंय. पण लागू व्हायला पंधरा देशांची मंजुरी पाहिजे आणि ती काही जमलेली नाही, आणि एक कलम असं घुसवलंय की गादीवर असलेल्या राष्ट्रप्रमुखावर केसच नाही. मग राहिलं काय? बंड फसलं तर घरचंच कोर्ट पुरतं, बुर्किनात २०१५ चं बंड फसलं आणि जनरल दिएंदेरेला तिथल्याच लष्करी कोर्टानं २०१९ मध्ये वीस वर्षं दिली. बंड यशस्वी झालं तर साहेब राष्ट्रप्रमुख, हात लावायचा नाही. म्हणजे ज्याच्यासाठी एवढं बाहेरचं कोर्ट पाहिजे नेमका तोच सुटतो.

बरं हा कागद पास कुठं झाला तर मालाबोत, इक्वेटोरियल गिनीच्या तेव्हाच्या राजधानीत, आणि यजमान राष्ट्राध्यक्ष ओबियांग, जे १९७९ मध्ये सख्ख्या काकाला हटवून, नंतर गोळ्या घालून गादीवर बसलेत ते अजून. आपल्याकडं पुतण्या ओरडला होता काका मला वाचवा, तिकडं उलटं.

तरी अडीच स्टार कशाला दिले म्हणाल तर हिसेन हाब्रेमुळं. चाडचा हा हुकूमशहा १९८२ मध्ये बंदुकीच्या जोरावर आला, १९९० मध्ये पळून सेनेगलला जाऊन निवांत राहिला. २००८ मध्ये ह्याच इकोवास कोर्टाकडं तो स्वतः गेला, सेनेगलनं माझ्यावर केस चालवू नये म्हणून. २०१० मध्ये कोर्टानं त्याची बाजू अर्धी उचलून धरली आणि म्हणालं बरोबर आहे, साध्या कोर्टात नको, आंतरराष्ट्रीय धर्तीचं खास कोर्ट काढा. मग डाकारमध्ये तसं कोर्ट निघालं आणि ३० मे २०१६ ला जन्मठेप. सत्ता बळकावल्याबद्दल नाही, छळ आणि मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांबद्दल, पण स्वतःच्याच अर्जातून स्वतःसाठी कोर्ट काढून घेणारा पक्षकार मी तरी दुसरा बघितला नाही.