सेन्सरला बटन सेल की रिमोटचे दोन सेल?

घरात मी स्वतः सोल्डर केलेले चार तापमान-सेन्सर आहेत. दोघांत सीआर २०३२ हा लिथियमचा बटन सेल, दोघांत रिमोटला लागतात ते बारीक अल्कलाइन ट्रिपल ए सेल, जोडीनं. दोन वर्षं दोन्ही वापरतोय.

दिसण्यात बटन सेलच उजवा. सेन्सर आगपेटीपेक्षा चपटा होतो, डबल टेपनं कुठंही चिकटतो. ट्रिपल एचा होल्डर आला की त्याचा ठोकळा होतो आणि बायको विचारते, "हे काय लटकवलंयस?" शिवाय लिथियम सेल सहसा पाझरत नाही. अल्कलाइनचा भरवसा नाही. गच्चीवरच्या सेन्सरची स्प्रिंग पावसाळ्यानंतर पांढरीफटक झाली होती; व्हिनेगरमध्ये कापूस बुडवून अख्खी दुपार घासत बसलो.

एवढ्यावर मी बटन सेलच घ्या म्हणालो असतो. पण फ्रीज आडवा आला.

आईचं इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं, म्हणून आत बटन सेलवाला सेन्सर ठेवला. एके दिवशी तो गप्प. मोबाइलवर बॅटरी ९० टक्के. सेल काढून मल्टिमीटर लावला, २.९ व्होल्ट. परत बसवला तर चालू! फ्रीजमध्ये ठेवला, तासाभरात पुन्हा गप्प. असं तीनदा झालं. हा सेल मुळात ०.२ मिलिअँपिअरच्या आसपासच्या निवांत करंटसाठी बनवलेला. ब्लूटूथ निरोप पाठवताना क्षणभर का होईना, पाच-दहा मिलिअँपिअर ओढतं. सेल जुना झाला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो, गारठ्यात आणखी वाढतो. तेवढ्या क्षणात व्होल्टेज कोसळतं आणि चिप रीसेट होते. मल्टिमीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे त्याला सगळं आलबेल दिसतं. तेवढा क्षणभराचा करंट साठवून द्यायला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून पाहिला, महिना-दीड महिना निभावलं. माझ्या सोल्डरिंगचा दोष असेलही, नाही म्हणत नाही.

ट्रिपल ए मात्र सांगून जातो. त्याचं व्होल्टेज हळूहळू उतरतं, मोबाइलवर ७०, ५०, ३० दिसत जातं, तोवर नवे सेल घरात येतात. तेही नाक्यावरच्या किराणा दुकानातून. बटन सेलसाठी मला घड्याळवाला गाठावा लागतो. जोडीत ऊर्जाही साधारण चौपट. डीप फ्रीझरचं विचारू नका, तिथं अल्कलाइनही गारठतो.

किल्लीच्या टॅगला, दाराच्या सेन्सरला बटन सेल खुशाल घ्या. रांगतं मूल असेल तर झाकणाला स्क्रू आहे ना, तेवढं बघा. घशात अडकलेला सेल दोन तासांत अन्ननलिका जाळू शकतो.

इन्सुलिनच्या शेजारी आता ठोकळाच आहे. सेल संपोत न संपोत, दर दिवाळीला बदलतो, पाझरायच्या आत. काढलेले रिमोटमध्ये जातात.