सात महिने जहाजावर: ‘डाउनलोड’ केलेल्या व्हिडिओंचं काय झालं

मी मर्चंट नेव्हीत फोर्थ इंजिनियर. मागच्या खेपेला पाच महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट ओढत ओढत सात महिन्यांवर गेलं. जहाज लोहखनिजाचं. ब्राझीलच्या तुबारांवला भरायचं, केप ऑफ गुड होपला वळसा घालायचा आणि चीनमध्ये चिंगदावला रिकामं करायचं. एका बाजूचे साधारण चाळीस दिवस. हा चाळीसचा आकडा लक्षात ठेवा, पुढची सगळी रड त्याच्यावरच आहे.

जहाजावर नेट असतं. २०२४ च्या डिसेंबरपासून तर मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शनमध्येच शक्य तितपत नेट द्यावं अशी तरतूद आली आहे. पण आमच्याकडे माणशी महिन्याला ४ जीबी, आणि व्हिडिओच्या साइट फायरवॉलने बंद. घरी व्हॉट्सॲपवर बोलण्यापुरतं ते ठीक. बघायचं ते घरूनच भरून न्यायला लागतं.

म्हणून निघण्याआधी आठवडाभर देवरूखला घरच्या फायबरवर बसून २५६ जीबीचा टॅब भरला. यूट्यूब प्रीमियमवर स्वयंपाकाचे, शेतीचे, कीर्तनाचे व्हिडिओ, आणि एका पैसे भरून घेतलेल्या ॲपवर सिनेमे आणि दोन मालिका. सगळ्यांपुढे ‘डाउनलोडेड’ची खूण आली. ११० जीबी गेले. बायको म्हणाली, जहाजावर कामाला जाताय की पिक्चर बघायला.

आता अनुभव.

पहिला दणका चौथ्याच दिवशी. एक सिनेमा लावला, वीस मिनिटं झाली असतील, इंजिनाचं तेल साफ करणाऱ्या प्युरिफायरचा अलार्म वाजला. खाली गेलो ते पहाटे वर आलो. दुसरा दिवसही त्याच मशीनच्या नादात गेला. तिसऱ्या दिवशी निवांत चहा घेऊन बसलो तर सिनेमा ‘एक्स्पायर्ड’. नियम असा की काही सिनेमे एकदा प्ले दाबलं की ४८ तासांत संपवायचे. हे बारीक अक्षरात कुठेतरी लिहिलेलं असतं, मी वाचलेलं नव्हतं. जहाजावर वीस मिनिटं बघून बंद करणं हीच बघायची पद्धत असते, आणि हा नियम नेमका तिच्याच मुळावर येतो. त्या ॲपचं नाव घेत नाही, कारण थोड्याफार फरकाने बहुतेकांचं हेच आहे.

यूट्यूब प्रीमियम यात बराच सभ्य. किती वेळा बघा, कितीही तुकड्यांत बघा. अट एकच, ३० दिवसांतून एकदा फोन किंवा टॅब नेटला लागला पाहिजे. भारतात राहणाऱ्याला ही अट जाणवणारही नाही. आमचे दिवस चाळीस, आणि जहाजाच्या नेटवर यूट्यूबच बंद. वाटेतलं सिंगापूर दोन दिवसांवर असताना सगळी यादी करडी पडली. फाइली टॅबमध्ये तशाच, जागा तेवढीच अडलेली, फक्त उघडत नाहीत. थर्ड इंजिनियरने तारीख मागे करून बघितली. काही उपयोग झाला नाही, उलट त्याच्या दुसऱ्याच ॲपने तक्रार सुरू केली.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ॲपमधलं डाउनलोड म्हणजे कुलूपबंद पेटी आणि वर मुदतीची किल्ली. पेटी आपल्याकडे, किल्लीची मुदत कंपनीच्या सर्व्हरकडे. अँड्रॉइडवर हे कुलूप बहुधा गूगलच्या वाइडवाइनचं असतं. त्याचाही एक फटका बसलाच: माझा टॅब स्वस्तातला, त्याला वाइडवाइनची एल-थ्री, म्हणजे सगळ्यात खालची पातळी. स्क्रीन फुल एचडी, पण त्या पैसेवाल्या ॲपने डाउनलोड दिले ४८०पीचेच. टॅब घेताना रॅम बघतो, बॅटरी बघतो, हे कोण बघतं? या कुलपाची, म्हणजे डीआरएमची, माहिती दाखवणारी छोटी ॲप फुकट मिळतात, त्यात ‘एल-वन’ ही वरची पातळी दिसली तरच सिनेमांसाठी घ्यावा.

तर सिंगापूर. सामुद्रधुनीतून जाताना किनाऱ्याची रेंज मिळते काही तास. चिंगदावपर्यंत थांबून उपयोग नव्हता, कारण चीनमध्ये किनाऱ्यावरच्या वायफायवर यूट्यूब उघडतच नाही. भारतीय सिमचं रोमिंग चालतं, पण ते बंदराला लागल्यावर, आणि बर्थ, म्हणजे धक्क्यावर जागा, मिळेपर्यंत आठवडाही जातो. म्हणजे संधी सिंगापूरचीच, आणि सामुद्रधुनीत आम्हा इंजिनवाल्यांना स्टँडबायला, म्हणजे इंजिनजवळ तयारीत, खालीच असावं लागतं, जिथे रेंज सोडा, दिवस की रात्र तेही कळत नाही.

मग चीफ कुकला शरण गेलो. वेंगुर्ल्याचे, वयाने मोठे, सगळे त्यांना काका म्हणतात. माझा फोन हॉटस्पॉटला, टॅब त्यांच्या हातात, आणि ते गॅलीमागच्या, म्हणजे स्वयंपाकघरामागच्या, डेकवर उभे. दर दहा मिनिटांनी इंजिनच्या कंट्रोल रूमचा फोन वाजायचा. (फोर्थ इंजिनियर म्हणजे जहाजावर ‘चार साब’.) “चार साब, येक हिरवो झालो, बाकीचे अजून फिरतत.” थोड्या वेळाने, “आता आठ झाले. माझी डाळ करपता हां.” पुन्हा डाउनलोड करायला लागत नाही, नुसता परवाना नवा होतो, डेटा नगण्य जातो. पण ॲप उघडून थोडं थांबावं लागतं. साठातले बावन्न परत मिळाले. बाकीचे बहुधा ज्याने टाकले त्यानेच काढून टाकले असावेत.

सातही महिने एकदाही न रुसलेली गोष्ट म्हणजे साध्या एमपीफोर फाइली. मी क्लास टूच्या, म्हणजे इंजिनियरच्या वरच्या पायरीच्या परीक्षेची तयारी करतोय, त्यासाठी एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन उपक्रमाची आयआयटीची लेक्चरं घेतली होती. ती क्रिएटिव्ह कॉमन्स या मोकळ्या परवान्याची, रीतसर उतरवता येतात. फळा आणि खडू दिसला की झालं, ४८०पी पुरतं. मुलीच्या शाळेच्या गॅदरिंगचा व्हिडिओ बायकोने यूट्यूबवर अनलिस्टेड, म्हणजे फक्त लिंक असेल त्याला दिसेल असा, ठेवला होता. आपल्या चॅनलवरचा व्हिडिओ यूट्यूब स्टुडिओतून थेट उतरवता येतो, ते बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

लॅपटॉपवर वायटी-डीएलपी हा व्हिडिओ उतरवायचा प्रोग्रॅम वापरला. हे २००६ सालच्या यूट्यूब-डीएल या जुन्या प्रोग्रॅमची शाखा. मूळ प्रोग्रॅम २०२० च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकन रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेच्या तक्रारीवरून गिटहब या प्रोग्रॅम ठेवायच्या साइटवरून काढला होता, नोव्हेंबरमध्ये परत चढला. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायच्या, बटण नाही. एकदा जमलं की पूर्ण प्लेलिस्ट रात्रभर लावून झोपा, मध्ये नेट गेलं तर जिथे तुटलं तिथून पुढे. पण यूट्यूबने काही बदललं की जुनी आवृत्ती अडते, म्हणून वापरण्याआधी अपडेट हवंच. आणि दुसऱ्यांचे व्हिडिओ असे उतरवायला यूट्यूबच्या अटींत परवानगी नाही. मी ते क्रिएटिव्ह कॉमन्स आणि घरच्यापुरतं ठेवलं. कुलूपबंद सिनेमांना ते हात लावत नाही, त्या आशेने कुणी घेऊ नये.

यातही एकदा फसलो. मेस रूमच्या टीव्हीला पेन ड्राईव्ह लावला तर चित्र आहे, आवाज नाही. मास्तर नुसते तोंड हलवतायत. यूट्यूबवर चित्र आणि आवाज वेगवेगळे येतात, प्रोग्रॅम ते मागाहून जोडतो, आणि आवाज ओपस प्रकारचा घेतला गेला तर जुना टीव्ही गप्प बसतो. चित्र एच२६४ आणि आवाज एएसी अशी जोडी मागितली की बहुतेक टीव्हींवर चालतं. पेन ड्राईव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल घेत नाही, तेही तिथेच कळलं.

पुढच्या खेपेला निघायच्या आदल्या रात्री टॅब विमान मोडवर टाकून प्रत्येक गोष्ट उघडून बघणार आहे, आणि सिनेमांची संख्या निम्मी. प्रीमियम चालू ठेवलंय. २०२४ च्या ऑगस्टमध्ये १२९ चे १४९ झाले तेव्हा कुरकुरलो होतो, आता नाही.

ते दुसरं ॲप मात्र रागाने जहाजावरूनच बंद केलं होतं. घरी आलो तर आई बोलेना. तिची रात्रीची मालिका त्याच्यावरच होती. त्याच संध्याकाळी वर्षाचे पैसे परत भरले.